पाटणच्या पावसात वायरवालं लॉन मोवर: गवताआधी वायर सांभाळा

पाटण तालुक्यातल्या कितीतरी घरांचं वर्ष दोन मुक्कामांभोवती फिरतं. एक मे महिन्याची सुट्टी, दुसरा गणपती. कमावती माणसं मुंबईत, ठाण्यात नाहीतर पुण्यात, आणि गावच्या घराला मधले महिने कुलूप. गेल्या काही वर्षांत या घरांची रूपं बदलली. कौलांच्या जागी स्लॅब आला, शेणाने सारवलेल्या अंगणाच्या जागी फरशी आली आणि फरशीच्या पुढे अर्धा-एक गुंठा लॉन आलं. लॉन आलं की पाठोपाठ ते कापायचं मशिन येतं. बहुतेकदा वायरवालं, कारण ते स्वस्त पडतं, हलकं असतं आणि त्यात पेट्रोल भरावं लागत नाही.

अडचण पुढे आहे. गणपतीच्या दोन दिवस आधी कुलूप उघडतं. जूनपासून वाढलेलं गवत गुडघ्याला लागलेलं असतं, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि पाहुणे यायच्या आत अंगण स्वच्छ करायचं असतं. मग चार महिने अडगळीत पडलेलं मशिन बाहेर निघतं, जुनी एक्स्टेन्शन वायर खिडकीतून ओढली जाते आणि ओल्या गवतात २३० व्होल्टचं यंत्र फिरू लागतं. वर्षभरात हे मशिन वापरायची याहून धोक्याची वेळ नाही, आणि नेमकी तेव्हाच ते वापरायची घाई असते.

कोयनानगरला पावसाळ्यात सरासरी चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. पूर्वेकडे, पाटण शहराच्या खाली कराडच्या दिशेने जावं तसा तो झपाट्याने कमी होतो. म्हणजे एकाच तालुक्यात मशिन वापरण्याचे दिवस वेगवेगळे. मल्हारपेठेकडच्या माणसाला ऑगस्टमध्येही चार दिवसांची उघडीप मिळू शकते, हेळवाकच्या माणसाने मात्र तिची वाट न बघितलेली बरी. बाजारात मिळणाऱ्या मशिनच्या माहितीपत्रकात ‘ओल्या गवतावर वापरू नये’ एवढंच छापलेलं असतं. ते थंड, कोरड्या हवेच्या देशांसाठी पुरेसं असेल. पाटणसाठी त्याचा अर्थ असा निघतो, की गवत सर्वांत जोरात वाढतं त्याच काळात मशिन बंद ठेवायचं आहे.

हे मशिन आलं कुठून?

लॉन मोवरचा जन्म कापड गिरणीशी जोडलेला आहे. इंग्लंडमधल्या स्ट्राउडजवळचा एडविन बडिंग हा कारागीर गिरण्यांच्या यंत्रांवर काम करायचा. लोकरीच्या कापडावर उभे राहिलेले तंतू एकसारखे कातरायला तिथे गोल फिरणाऱ्या पात्यांचं यंत्र असे. तेच तत्त्व गवताला लावून त्याने १८३० मध्ये पेटंट घेतलं. त्याआधी हिरवळ राखायची तर माणसांनी कोयते चालवायचे किंवा मेंढ्या सोडायच्या. विजेवर चालणारी मशिनं १९२० च्या दशकात आली.

आज घरगुती वायरवाल्या मशिनमध्ये बडिंगचं ते लोळणारं पातं सहसा नसतं. खाली उपड्या घमेल्यासारखं कव्हर, त्यात पंख्यासारखं आडवं फिरणारं एक पातं आणि वर मोटर. हे पातं कात्रीसारखं कातरत नाही, वेगाच्या जोरावर गवत छाटतं. पुढच्या बऱ्याच गोष्टी या एका फरकावरून ठरतात. वेग कमी झाला की कापणं बिघडतं, आणि वेग कमी होण्याचं मोठं कारण पुष्कळदा वायरीत सापडतं.

आपल्या अंगणाला ते पुरेल का?

एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, साधारण १०१ चौरस मीटर. घरगुती मशिनच्या पात्याची रुंदी बहुधा ३२ ते ३८ सेंटिमीटर असते. पट्टे थोडे एकमेकांवर घेतले, वळणं धरली, तरी एका गुंठ्याला साडेतीनशे-चारशे मीटर चालावं लागतं. सावकाश चाललं तरी वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. मशिन १,६०० वॉटचं असेल तर अर्ध्या तासाला ०.८ युनिट, म्हणजे एक युनिटसुद्धा नाही. दोन-तीन गुंठ्यांपर्यंत वायरवालं मशिन सोयीचं आहे. त्यापुढे वायर ओढण्यातच जीव जातो. उताराची जागा, बांध, कुंपणाकडेचं रानगवत यासाठी ते बनलेलंच नाही. तिथे खांद्याला अडकवायचा पेट्रोलवरचा ग्रास कटर किंवा सरळ विळा.

बॅटरीवाल्या मशिनला वायरीची कटकट नाही, हे खरं. पण वर्षातले आठ-नऊ महिने बंद राहणाऱ्या घरात बॅटरी पडून राहते, आणि पडून राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. कुलूपबंद घरासाठी वायरवालंच जास्त टिकाऊ ठरतं. अट एकच: मशिनबरोबर वायर, सॉकेट आणि बोर्डातलं संरक्षण हेही विकत घेतलंय असं समजायचं.

वायर किती जाड हवी?

१,६०० वॉटचं मशिन २३० व्होल्टवर साधारण ७ अँपिअर करंट घेतं. म्हणजे टीव्ही-मोबाइलचा ६ अँपिअरचा छोटा सॉकेट त्याला पुरत नाही, १६ अँपिअरचा मोठा पॉवर सॉकेट लागतो. हजार-बाराशे वॉटचं मशिन छोट्या सॉकेटवर चालतं, पण काठावर. सॉकेट जुना आणि सैल असला की तो गरम होतो आणि आधी जळका वास येतो. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर हे मशिन चालवायचा विचारही करू नये.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते वायरीच्या जाडीकडे. ३० मीटर लांब वायर म्हणजे करंटच्या दृष्टीने ६० मीटरचा प्रवास, ३० जायचे आणि ३० यायचे. तांब्याची दीड स्क्वेअर एमएमची वायर असेल तर ७ अँपिअरला या प्रवासात ५ ते ६ व्होल्ट खर्च होतात. तीच वायर पाऊण एमएमची, म्हणजे टेबल फॅनला असते तशी बारीक घेतली, तर ११ व्होल्ट जातात. शहरात, जिथे घरात पूर्ण २३० येतात, तिथे एवढ्याने बिघडत नाही. वाडीच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांबच्या घरात आधीच व्होल्टेज पडलेलं असतं. तिथे हे ११ व्होल्ट मोटरला जाणवतात.

(यात एक गंमत आहे. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता १,९६० मेगावॉट, वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग, आणि त्याच तालुक्यात संध्याकाळी ट्यूब फडफडणारं घर सापडतं. वीज तयार होण्याची जागा जवळ असणं आणि आपल्या खांबावर व्होल्टेज असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या केंद्रातली वीज आधी उच्च दाबाच्या लाइनने दूर जाते. घराला मिळणारं व्होल्टेज शेवटच्या ट्रान्सफॉर्मरवर आणि तिथून येणाऱ्या तारेच्या लांबीवर ठरतं.)

व्होल्टेज पडलं की मोटर सुस्त होते. कार्बनवाल्या मोटरचा वेग उतरतो, पातं गवत छाटण्याऐवजी फाडतं आणि दोन दिवसांनी लॉनचे शेंडे पिवळट दिसतात. कार्बन नसलेल्या इंडक्शन मोटरचं वेगळं असतं. ती वेग टिकवायला जास्त करंट ओढते आणि गरम होते. दोन्ही वेळा दोष मशिनला दिला जातो.

म्हणून ३० मीटरपर्यंत निदान दीड एमएम, त्यापुढे अडीच एमएमची, गोल रबरी किंवा पीव्हीसी आवरणाची थ्री कोअर फ्लेक्झिबल वायर घ्यावी. रंग नारिंगी किंवा पिवळा. हिरवी आणि काळी वायर गवतात दिसत नाही, आणि जी वायर दिसत नाही ती कापली जाते. वायर रिळावर गुंडाळलेली असेल तर काम करताना पूर्ण उलगडायची. पाऊण एमएमच्या ३० मीटर वायरीत ७ अँपिअरला सुमारे ७५ वॉट उष्णता तयार होते. ती गुंडाळीत अडकली तर रिळाच्या आत ७५ वॉटचा बल्ब पेटवून ठेवल्यासारखं होतं. वरून काही कळत नाही, आत मात्र आवरण मऊ होऊन वेढे एकमेकांना चिकटतात.

एमसीबी आहे की, मग भीती कसली?

हा गैरसमज जीवावर बेततो. एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो, माणूस वाचावा म्हणून नाही. १६ अँपिअरचा एमसीबी १६ अँपिअरच्या पुढे गेल्यावर विचार करायला लागतो. माणसाचं हृदय बंद पाडायला त्याच्या एक टक्का करंटसुद्धा जास्त होतो.

माणसासाठी असतो तो आरसीसीबी. गावाकडचे वायरमन त्याला अजूनही ईएलसीबी म्हणतात. त्याचं काम सोपं आहे. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच तो बघत असतो. मधला थोडा करंट कुणाच्या शरीरातून जमिनीत गेला तर हिशेब चुकतो आणि तो क्षणात लाइन तोडतो. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यावा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात, ते आगीपासून संरक्षणासाठी असतात. त्यावर ‘टी’ किंवा ‘टेस्ट’ लिहिलेलं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबून बघायचं, आणि कुलूपबंद घरात मशिन लावायच्या आधी दर वेळी. बटण दाबून खटका पडला नाही तर मशिन बाहेर काढायचं नाही.

दोन गोष्टी आरसीसीबीच्या हातात नाहीत. एका हाताने फेज आणि दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरली तर त्याचा हिशेब बरोबरच येतो, तो पडत नाही. आणि तो झटका बसूच देत नाही असं नाही, झटका फार वेळ चालू देत नाही. म्हणून कापलेली वायर बघायला जाताना पहिलं पाऊल सॉकेटकडे.

पाटणच्या पश्चिम भागात अर्थिंगचा प्रश्नही वेगळा असतो. जांभा आणि कातळ यांत खड्डा नीट खोल जात नाही, आणि उन्हाळ्यात जमीन सुकली की अर्थिंग नावापुरतंच उरतं. मे महिन्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतायची जुनी सवय म्हणूनच शहाणपणाची होती. बऱ्याच लॉन मोवरना दोन पिनांचा प्लग असतो. ती दुहेरी इन्सुलेशनची मशिनं, त्यांना अर्थिंग लागत नाही. (चौकोनात चौकोन अशी खूण त्यांच्या पट्टीवर असते.) पण घरात गीझर, पंप, फ्रिज आहेतच, तेव्हा अर्थिंग एकदा परवानाधारक वायरमनकडून मोजून घेतलेलं चांगलं. आरसीसीबी अर्थिंग नसतानाही काम करतो, हे त्याचं मोठेपण. पण मग मशिनच्या बॉडीत उतरलेला करंट कुणीतरी हात लावल्यावरच त्याला कळतो.

कापताना

सुरुवात सॉकेटजवळून करायची आणि पट्ट्यापट्ट्याने लांब जायचं. असं केलं की वायर कायम कापून झालेल्या बाजूला पडते आणि पातं तिच्यापासून दूर जात राहतं. उलट सुरुवात केली तर प्रत्येक पट्ट्याला वायर पात्याच्या वाटेत येते. वळताना वायर एका हाताने बाजूला करायची किंवा खांद्यावरून मागे सोडायची. मशिन स्वतःकडे ओढत मागे चालायचं नाही. पाय घसरला तर मशिन पायावर येतं. मशिनच्या हँडलला वायर अडकवायचा हूक असतो. तो शोभेचा नाही, ओढ बसली तर ती प्लगवर न येता हुकावर यावी म्हणून आहे.

घरी बनवलेल्या एक्स्टेन्शनमध्ये एक चूक वारंवार दिसते: दोन्ही टोकांना पिनांचा प्लग. एक टोक भिंतीत घातलं की दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट येतात. अशी वायर सापडली तर कापून टाकावी, जपून ठेवू नये. तसंच कापलेली वायर पीळ मारून चिकटपट्टी गुंडाळून पुन्हा वापरायची नाही. घरात कोरड्या जागी ती चालते असं वाटेल, पण गवतातून घासत जाणाऱ्या चिकटपट्टीत पाणी शिरतंच. खराब तुकडा काढून वायर आखूड करावी किंवा नवी आणावी.

हँडलवरचा खटका दाबून धरला तरच मशिन चालतं, सोडला की थांबतं. हाताला रग लागते म्हणून काही जण तो सुतळीने बांधून ठेवतात. अमेरिकेत १९८२ पासून नियम आहे, की खटका सोडल्यावर ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. इतका आटापिटा ज्या खटक्यासाठी केला, तो सुतळीच्या एका गाठीने निकामी होतो. त्यात मध्येच लाइट गेली, कुणी अडकलेलं गवत काढायला हात घातला आणि लाइट परत आली, तर बोटं जातात. लाइट गेली की आधी प्लग काढायचा.

कापण्याआधी अंगणात एक फेरी मारावी. जांभ्याचे खडे, खिळे, करवंटी, मुलांनी टाकलेले खेळ पात्याखाली गेले तर गोळीसारखे बाहेर येतात. पावसाळ्यात वाढलेल्या गवतात घोणससुद्धा असू शकते, तेव्हा काठी आपटत फिरावं. पायात बंद बूट, आणि पोरं-टोरं घरात.

गवत किती कापायचं?

नियम एकच: एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशाहून जास्त नाही. हरळीचं लॉन तीन-चार सेंटिमीटरवर छान दिसतं. (हरळी म्हणजेच गणपतीला वाहतात त्या दूर्वा. तीच आज ‘बर्म्युडा ग्रास’ नावाने विकली जाते.) मेक्सिकन लॉन सावकाश वाढतं, ते कापायला कमी लागतं. पावसाळा तोंडावर आला की मशिनची उंची सर्वांत वर करायची आणि मे अखेरीला शेवटची कापणी उरकायची.

आणि गणपतीच्या आदल्या दिवशीच्या गुडघाभर गवताचं काय? त्याचं उत्तर विळा. कमरेत वाकून दोन तास जातात, पण ओल्या गवताची कुणालाच भीती नसते आणि कापलेलं गवत शेजारच्या म्हशीला जातं. उघडीप मिळाली आणि मशिन वापरायचंच असेल, तर विळ्याने आधी वीतभर उंचीवर आणावं. मग जुनं वर्तमानपत्र गवतावर टाकून पायाने दाबावं. कागद ओला झाला तर आज मशिन नाही. कोरडा राहिला तर सर्वांत वरच्या उंचीवर एक हात फिरवावा, आणि खालची उंची दोन-चार दिवसांनी. दसऱ्यानंतर परतीचा पाऊस सरला की मशिनचे खरे दिवस सुरू होतात.

देखभाल

कुठलीही दुरुस्ती करायच्या आधी प्लग भिंतीतून काढायचा आणि तो स्वतःच्या नजरेसमोर ठेवायचा. नुसतं बटण बंद करणं पुरत नाही. जुन्या वायरिंगमध्ये बटण न्यूट्रलवर लागलेलं असू शकतं, मग मशिन बंद दिसतं पण आत फेज असते.

काम झाल्यावर मशिन आडवं करून कव्हराच्या आतलं गवत लाकडी पट्टीने खरवडायचं. पाण्याचा पाइप मारायचा नाही. आतला थर वाळला तर सिमेंटसारखा घट्ट बसतो, वारा कोंडतो आणि मोटरवर ताण येतो. मोटरच्या जाळीत तांबडी धूळ बसते, ती कोरड्या ब्रशने झाडायची. थंड हवा आत जाण्याचा रस्ता तोच आहे.

पातं बोथट झालंय हे गवतच सांगतं: शेंडा सरळ कापलेला असेल तर धार आहे, चिंध्यांसारखा असेल तर नाही. पातं काढताना हातात जाड मोजे घालावेत आणि पात्याला लाकडाचा ठोकळा अडवावा. मूळचा उतार सांभाळून कानशीने धार लावायची. ग्रायंडरवर जास्त घासलं तर पोलाद तापून निळं पडतं आणि धार टिकत नाही. मग पात्याचं मधलं भोक भिंतीतल्या खिळ्यावर अडकवायचं. एक बाजू खाली गेली तर ती जड आहे, तिकडून थोडं घासायचं. हे न केल्यास मशिन थरथरतं आणि बेअरिंग लवकर जातं. पात्याला चीर दिसली तर वेल्डिंग करून घ्यायचं नाही. मिनिटाला काही हजार फेरे घेणारं पातं वेल्डिंगच्या जागी तुटलं तर ते कुठे जाईल याचा नेम नाही.

मोटरच्या तक्रारी आवाजावरून ओळखता येतात. नुसतीच गुरगुरते पण फिरत नाही आणि मोटर इंडक्शनची आहे, तर बहुधा कंडेन्सर गेलेला असतो. ही स्वस्तातली दुरुस्ती आहे. कार्बनवाली मोटर मध्येच अडखळते, जाळीतून मोठ्या ठिणग्या दिसतात, तेव्हा कार्बन झिजलेले असतात. दोन्ही एकदम बदलायचे. जळक्या वार्निशचा वास आला तर वाइंडिंग गेलं. मग मोटर भरून घेण्याचा खर्च आणि नव्या मशिनची किंमत समोरासमोर ठेवून ठरवावं. मशिन आपोआप थांबलं आणि वीस मिनिटांनी पुन्हा चालू झालं, तर ते बिघडलेलं नाही. आतल्या थर्मल स्विचने मोटर वाचवली आहे. गवत जास्त उंच होतं किंवा वायर बारीक होती.

कुलूपबंद घरात मशिनचा मोठा शत्रू उंदीर. त्याला वायरीचं आवरण आवडतं. वायर मोठ्या वेढ्यांत गुंडाळून छताच्या हुकाला टांगावी, मशिन जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवावं. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलं तर आत दमट होऊन पातं गंजतं. त्यापेक्षा पात्याला तेलाचा बोळा फिरवून वरून जुनं सुती कापड टाकलेलं बरं. गणपतीला आल्यावर वायर टोकापासून टोकापर्यंत बोटांतून सरकवून बघायची, प्लग अर्थात काढलेला. कुरतडलेली जागा डोळ्यांआधी बोटांना लागते.

एवढं करूनही कुणाला झटका बसलाच, तर त्या माणसाला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा. मेन लांब असेल तर कोरड्या लाकडी काठीने वायर दूर सारायची. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध जोरात आणि भराभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहायचं आणि दुसऱ्या कुणीतरी १०८ ला फोन लावायचा. झटका बसून माणूस उठून बसला, ‘काही झालं नाही’ म्हणाला, तरी त्याच दिवशी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढून घ्यावा. हृदयाचे ठोके नंतरही चुकू शकतात.